सह्याद्रीअलीकडे समुद्र

समुद्रापासून सह्याद्रीच्या सबंध रांगेने तोडलेल्या, ऊस आणि द्राक्षे यांच्या बळावर नांदणाऱ्या कुंडलसारख्या गावी एखाद्याने आपल्या घरात खाऱ्या पाण्याचे, प्रवाळभित्तीच्या धर्तीचे मत्स्यालय मांडावयाचे मनात आणले, तर ते शक्य आहे काय, शक्य असल्यास कोणत्या मर्यादेत, आणि त्या मर्यादा निसर्गाने घातलेल्या आहेत, कायद्याने घातलेल्या आहेत की केवळ खिशाने, हा प्रश्न आता निव्वळ कुतूहलाचा राहिलेला नाही. गप्पी आणि गोल्डफिश पाळून ज्यांचा हात बसला आहे, अशा तरुणांची नजर साहजिकच निळ्या प्रकाशात डोलणाऱ्या प्रवाळांकडे आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशकडे वळते. आणि मग टाकी केवढी घ्यावी, मीठ कोणते घालावे, समुद्राचे पाणी आणता येईल काय, अशी चौकशी सुरू होते. त्या चौकशीला आजवर मिळत आलेली उत्तरे बहुधा मुंबईच्या किंवा परदेशच्या अनुभवावरची आहेत. कुंडलचे पाणी निराळे, हवा निराळी, शेजार निराळा. म्हणून या प्रश्नाचा विचार येथल्या भूमीवर उभे राहूनच केला पाहिजे. माझे मत आरंभीच नमूद करतो: या छंदात पाळावयाचे असते ते पाणी, मासे त्या पाण्याच्या आश्रयाने राहतात, आणि ज्याला पाणी पाळण्याची गोडी आहे त्याने कुंडलातही खुशाल समुद्र मांडावा, मात्र त्यात खऱ्या समुद्रातून उपटून आणलेला प्रवाळ असू नये.

समुद्रापासून दूर समुद्र राखण्याची खटपट नवी नाही. या विद्येचा जन्मच मुळी त्या गरजेतून झाला. १८४६ साली ॲना थिन या लंडननिवासी बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून काही जिवंत प्रवाळप्राणी घरी नेले. ताजे पाणी किनाऱ्याहून वारंवार मागविणे जिकिरीचे होते, म्हणून आहे तेच पाणी टिकविण्याची तजवीज त्यांनी केली: घरच्या मोलकरणीने दररोज ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतीत राहावे, म्हणजे त्यात हवा मिसळेल, आणि पुढे त्याच पाण्यात त्यांनी समुद्रशैवालही वाढविले. आजच्या मत्स्यालयातील पंप आणि वेव्हमेकर ज्या कामासाठी रात्रंदिवस फिरतात, ते काम तेव्हा त्या मोलकरणीच्या दोन हातांनी केले, आणि तिचे नाव इतिहासाने टिपून ठेवले नाही याची खंत वाटते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि त्या कामात अग्रेसर असलेल्या फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने लवकरच चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृती प्रसिद्ध केली. परंतु हे सारे थंड समुद्रातील जीवांपुरते होते. उष्ण कटिबंधातील प्रवाळ घरात जगविण्याची किल्ली सापडण्यास आणखी एक शतक जावे लागले. १९६१ च्या सुमारास जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवाणूयुक्त खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांवर प्रवाळ जगवून दाखविले; पुढे जर्मन भाषिक छंदिष्टांनी, विशेषतः पेटर विल्केन्स यांनी, त्या खडकाला फेसयंत्राची, तीव्र प्रकाशाची आणि चुन्याच्या निवळीची जोड दिली. ‘बर्लिन पद्धत’ या नावाने ती रीत जगभर गेली, आणि आजही बहुतेक प्रवाळ-मत्स्यालये याच पायावर उभी आहेत.

आपल्याकडे मत्स्यालय म्हटले की मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय आठवते. एका पारशी दात्याच्या दोन लाख रुपयांच्या देणगीचा हातभार लागून उभी राहिलेली ती वास्तू १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुली झाली, आणि २०१५ मध्ये तिचे नूतनीकरण होऊन काचेच्या बोगद्यातून मासे पाहण्याची सोय झाली. सातारा-सांगलीकडच्या कित्येक पिढ्यांनी समुद्रातला जिवंत मासा प्रथम पाहिला तो शाळेच्या सहलीत, त्या इमारतीच्या मंद प्रकाशात. तथापि समुद्र पायरीशी असलेल्या संस्थेचा धडा समुद्रापासून तुटलेल्या गावाला फारसा उपयोगी पडत नाही. मरीन ड्राइव्हवर पाण्याची चिंता निराळी आणि किर्लोस्करवाडी स्थानकाच्या शेजारच्या गावात निराळी.

प्रवाळांच्या बाबतीत महाराष्ट्र अगदीच दरिद्री आहे अशी समजूत आहे, ती खरी नाही. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही आपली चार मोठी प्रवाळक्षेत्रे, हे खरे. पण मालवणच्या उथळ समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटापासून फार दूर नव्हे अशा खडकांवर, जिवंत प्रवाळांच्या वसाहती आहेत, आणि १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याने त्यांना संरक्षणही मिळालेले आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली बुडालेले एक विस्तीर्ण पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात, आणि त्याच्या माथ्यावर, वीसएक मीटर खोलीवर, प्रवाळांचे समृद्ध जग नांदते आहे. मालवणचे प्रवाळ गढूळ पाणी, पावसाळ्यातील गोड्या पाण्याचे लोंढे, नांगरांचे घाव आणि हौशी पोहणाऱ्यांचे पाय हे सारे सोसून टिकले आहेत. असा जीव समुद्रातून काढून घाट चढवून काचेत ठेवण्यात कोणता पुरुषार्थ आहे, हे मला आजवर उमगलेले नाही.

आणि कायद्याचेही तेच म्हणणे आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रवाळाचा तुकडा आणि वाघाचे कातडे एकाच पंक्तीला बसतात; अपराध शाबीत झाल्यास किमान तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड. घोडामासे आणि समुद्रकाकड्या यांनाही २००१ पासूनच संरक्षण आहे. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातून काढून आणलेला खडक हा बव्हंशी मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाच असतो, तेव्हा तोही या कक्षेबाहेर राहत नाही. परदेशात शेती करून वाढविलेल्या प्रवाळाची गोष्ट निराळी, असा युक्तिवाद केला जातो. परंतु कठीण प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, २०२२ च्या दुरुस्तीने त्या करारासाठी स्वतंत्र प्रकरणच अधिनियमात घातले गेले आहे, आणि असे परदेशी जीव बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करावी असा २०२४ च्या नियमांचा दंडक आहे. आयातीचा परवाना, कराराचा दाखला आणि नोंदणी ही तिन्ही कागदपत्रे विक्रेत्याने पुढे केल्याखेरीज केवळ त्याच्या शब्दावर माल घेणे हे जाणूनबुजून जोखीम पत्करणे होय. कुंडलकरांना तर या बाबतीत अज्ञानाची सबब सांगण्याचीही सोय नाही: वनाधिकाऱ्यांना शिक्षण देणारी राज्याची वन प्रबोधिनी त्यांच्या गावातच आहे.

प्रवाळ वजा केल्यावर उरते काय, असा निराश प्रश्न येथे काढला जातो. माझ्या मते जवळजवळ सर्वच उरते. समुद्राच्या तोलाचे पाणी उरते, खडकांची मांडणी उरते, त्या खडकांच्या सूक्ष्म छिद्रांत वसणारी जिवाणूंची सृष्टी उरते, जांभळ्या-गुलाबी रंगाचे चुनखडी शैवाल उरते, गोगलगायी, कोळंब्या, खेकडे आणि संवर्धनगृहात जन्मलेले मासे उरतात. अभ्यासाचे, कष्टाचे आणि आनंदाचे नऊ दशांश भाग या गोष्टींतच आहेत. शिवाय प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरविणाऱ्या सूक्ष्म शैवालांसाठी जो प्रखर प्रकाश लागतो, आणि प्रवाळाच्या वाढीसाठी पाण्यातील कॅल्शियमची जी रोजची भर घालावी लागते, तो सारा खर्च वाचतो.

आता पाण्याकडे वळू, कारण कुंडलच्या मत्स्यालयाचे भवितव्य माशांच्या दुकानात ठरत नाही, ते घरच्या नळाशी आणि विहिरीशी ठरते. कृष्णाकाठच्या पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतील शेतकऱ्याला पाण्यातील आणि मातीतील क्षारांचा परिचय पुस्तकातून करून द्यावा लागत नाही. उसाला अतोनात पाणी देता देता जमीन क्षारपड होऊन पांढरी पडलेली त्याने डोळ्यांनी पाहिली आहे. येथल्या विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात क्षार आहेत, मग ते समुद्रजलासाठी तयारच झाले म्हणावयाचे, असा तर्क ऐकू येतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे. समुद्रातील क्षारांचे परस्पर प्रमाण ठरलेले आहे आणि विहिरीतील क्षारांचे प्रमाण भलतेच आहे. त्यातही दोन जिन्नस विशेष उपद्रवी ठरतात. ऊस-द्राक्षांना घातलेल्या खतांतील नायट्रेट जमिनीत मुरून विहिरीत उतरते आणि टाकीत शेवाळ माजविते. दुसरा जिन्नस म्हणजे सिलिका. आपल्या काळ्या पाषाणातून, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टमधून, पाझरत आलेले पाणी विरघळलेली सिलिका बरोबर घेऊन येते. माणसाला तिचा काहीच त्रास नाही, पण डायाटम नावाचे एकपेशी शैवाल तिच्यापासूनच आपली कवचे घडविते. नव्या टाकीत वाळूवर आणि काचेवर तपकिरी, मखमली लेप चढतो तो याच शैवालाचा. कुंडलात विहिरीचे पाणी थेट वापरल्यास हा लेप पुसला तरी पुनः पुनः चढत राहील.

याचा इलाज आरओ यंत्र हा आहे, आणि ते आता घरोघर असते. परंतु पिण्याच्या आरओच्या पाण्यातही काही क्षार मुद्दाम राखलेले किंवा परत घातलेले असतात. मत्स्यालयासाठी त्यापुढे आयनविनिमय करणाऱ्या राळेचा आणखी एक टप्पा जोडावा लागतो, आणि टीडीएस मापक शून्य किंवा त्याच्या अगदी लगतचा आकडा दाखवीपर्यंत ते पाणी योग्य समजू नये. पावसाचे पाणी हा पूर्वजांना रुचला असता असा उपाय; मात्र ते जस्ताच्या पत्र्यावरून आलेले नसावे, कारण जस्त समुद्रजीवांना बाधते. आंबा घाटाने रत्नागिरीस जाऊन खरे समुद्रजलच कॅनांत भरून आणावे, ही कल्पना मोहक आहे खरी. परंतु बंदरालगतचे पाणी तेलकट, पावसाळ्यातले पाणी पातळ आणि गढूळ, आणि दर पंधरवड्यास तो प्रवास करणार कोण? प्रथम भरणीच्या वेळी एकदा हौस म्हणून ते आणले तर हरकत नाही, नित्याचा शिरस्ता त्यावर बसविता येणार नाही.

तेव्हा कृत्रिम मीठ आले. समुद्रातील एकूण क्षारांपैकी शंभरात सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग साधे मीठ असते, आणि म्हणून बाजारातील मिठाने काम भागेल असे वाटते; पण उरलेल्या बावीस भागांतच मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि बायकार्बोनेट आहेत, आणि जीवसृष्टीचा व्यवहार त्यांच्यावर चालतो. स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन आणि ते मोकळे राहावे म्हणून घातलेली द्रव्येही असतात. म्हणून या कामासाठी तयार केलेले ‘सॉल्ट मिक्स’च घेतले पाहिजे. हिशेब सोपा आहे: चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच अशा टाकीत खडक-वाळू वजा जाता सुमारे २०० लिटर पाणी मावते, लिटरला ३५ ग्रॅम या दराने ७ किलो मीठ लागते. ते टाकीत न विरघळविता स्वतंत्र पिंपात विरघळवावे. अगोदर पाणी, त्यात फिरता पंप, आणि मग मीठ थोडे थोडे, हा क्रम उलटता कामा नये. मिठावर पाणी ओतले तर तळाशी क्षार इतके दाटतात की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना गाठून चुनखडीच्या रूपाने बाहेर पडतात, पाणी दुधट होते, आणि गेलेले कॅल्शियम पुनः विरघळत नाही. सर्व नीट झाले तर काही तासांनी पिंपाचा तळ स्वच्छ दिसू लागतो. मग रिफ्रॅक्टोमीटरच्या निळसर काचेवर एक थेंब ठेवून, झाकण मिटून, उजेडाकडे धरून पाहावे: निळ्या आणि पांढऱ्या भागांमधील रेषा ३५ वर आली पाहिजे. हे यंत्र ३५ च्याच प्रमाणित द्रवाने तपासून घेतलेले असावे. साध्या पाण्याने शून्यावर लावलेले यंत्र वरच्या टोकाला दगा देऊ शकते.

खडकाच्या बाबतीत समुद्रावर अवलंबून राहण्याचे कारणच उरलेले नाही. चिनी मातीचे सच्छिद्र खडक मिळतात. सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा यांपासून घरीही ओतता येतात, मात्र ते गोड्या पाण्यात कित्येक आठवडे बुडवून, पाणी बदलीत, त्यांतला तिखट चुना निघून गेल्यावाचून वापरता येत नाहीत. वाळू कृष्णेची नको, ती काळ्या खडकाची आहे. आपल्या जिल्ह्यात कुक्कुटपालन भरपूर असल्याने कोंबड्यांच्या खाद्यातला शिंपल्यांचा चुरा सहज मिळतो, आणि औषधद्रव्ये न मिसळलेला असा चुरा स्वच्छ धुऊन घेतल्यास तळाच्या थराचे काम चांगले करतो. मांडणी करताना खडक टाकीच्या तळावर टेकलेले असावेत, वाळूवर नव्हे, कारण वाळू उकरणारे मासे आणि कोळंब्या पायाच काढून घेतात. पाणी, खडक, काच आणि घडवंची मिळून तीनशे किलोच्या आसपास भार होतो. जुन्या घराच्या माडीवर किंवा लाकडी तुळयांवर तो ठेवू नये, खालच्या सोप्यात, जेथे थेट ऊन येत नाही अशा भिंतीशी ठेवावा.

यानंतर येतो तो काळ, ज्यात माणसाच्या धीराची खरी परीक्षा होते. टाकी भरली आहे, पंप चालू आहे, आणि आत एकही मासा नाही. या अवधीत जिवाणूंच्या दोन जमाती खडकांवर वस्ती करतात: पहिली अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचे नायट्रेट करते. समुद्रजल विम्लधर्मी, म्हणजे ८.१ ते ८.३ सामूचे असल्यामुळे त्यातला अमोनिया तटस्थ गोड्या पाण्यातल्यापेक्षा दहापटीहून अधिक विषारी रूपात असतो. म्हणूनच गोड्या पाण्यात निभावणारी घाई येथे प्राणावर बेतते. पूर्वी या जिवाणूंच्या पोसणीसाठी एखाददुसरा चिवट डॅमसेल मासा सोडीत आणि तो मेला तर मेला असे म्हणत. ही रीत निर्दय आहे आणि अनावश्यकही आहे. प्रयोगशाळेच्या प्रतीचा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, घालून लिटरमागे सुमारे २ मिलिग्राम अमोनिया होईल अशी तजवीज करावी. कल्हईवाल्याकडचा नवसागर या कामाचा नव्हे. चार ते सहा आठवड्यांनी घातलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊ लागला आणि नायट्राइटही शून्यावर आले, म्हणजे घर बांधून झाले असे समजावे. मधल्या काळात तपकिरी लेप येईल, मग हिरवे केसाळ शेवाळ येईल, आणि पुष्कळ पुढे, काही महिन्यांनी, काळ्या पंपाच्या कोपऱ्यावर नखाएवढा जांभळट ठिपका दिसेल. तो चुनखडी शैवालाचा ठिपका दिसला की पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारता यांचा मेळ बसला आहे याची ग्वाही मिळते. तोच ठिपका वाढून खडक व्यापू लागला, की कॅल्शियमची झीज भरून काढण्यास चुन्याची निवळी थेंब थेंब, शक्यतो रात्री, सोडावी. ती एकदम ओतली तर सामू भलताच चढतो.

यंत्रसामग्रीचे स्तोम मी माजवू इच्छीत नाही. तीन गोष्टींपुरते बोलतो. पहिली फेसयंत्र, ज्याला सारे स्किमर म्हणतात. उंच नळीत बारीक बुडबुडे सोडले की पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून वर येतात आणि वरच्या पेल्यात तपकिरी, उग्र वासाचा फेस जमतो. गुऱ्हाळात काहिलीवर आलेली मळी झाऱ्याने काढून रस निवळ करतात, तसेच हे काम आहे, आणि ते सडण्यापूर्वी होते हे महत्त्वाचे. गोड्या पाण्यात इतके बारीक बुडबुडे टिकत नाहीत, म्हणून हे साधन खाऱ्या पाण्याचेच. दुसरी गोष्ट विजेची. उष्ण खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्यापेक्षा सुमारे एकपंचमांशाने कमी मावतो. वीज गेली आणि पंप थांबले की काही तासांतच मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. इन्व्हर्टरवर निदान एक फिरता पंप, किंवा घटावर चालणारा हवेचा पंप, ही तरतूद टाकीबरोबरच झाली पाहिजे, मागाहून नव्हे.

तिसरी गोष्ट तापमानाची, आणि येथे कुंडलला मुंबईहून एक लाभ आहे ज्याकडे कोणी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. प्रवाळभित्तीच्या जीवांना २५ ते २७ अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळीशीला जातो, म्हणून महागड्या चिलरवाचून गत्यंतर नाही असे सांगण्यात येते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते बरेचसे खरे आहे. पण आपला उन्हाळा कोरडा आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटे पंखे वारा घालीत राहिले की बाष्पीभवन झपाट्याने होते. आणि एक लिटर पाणी वाफ होताना जी उष्णता घेऊन जाते, ती २०० लिटर पाण्याचे तापमान जवळजवळ तीन अंशांनी उतरविण्याइतकी असते. सभोवारच्या हवेतून उष्णता परत येतच असते, म्हणून व्यवहारात याहून अधिक पाणी खर्ची पडते; तरीही माठातले पाणी गार करणारा हाच न्याय जाड भिंतींच्या घरात, मोकळ्या तोंडाच्या टाकीला, वर्षाचे बहुतेक दिवस पुरतो. पावसाळ्यात हवा ओली झाली की पंखा निकामी होतो, पण तेव्हा उष्माही उतरलेला असतो. अडचणीचे असे मृगाच्या आगेमागेचे काही दिवस तेवढे राहतात. मात्र वाफ होते ती निव्वळ पाण्याची, मीठ मागे राहते. २०० लिटरमधून पाच लिटर उडाले तर ३५ चा आकडा ३६ च्या घरात जातो. म्हणून काचेवर एक खूण करून, रोज त्या खुणेपर्यंत शुद्ध गोडे पाणी भरावे. खारे पाणी भरण्याची चूक नवखे हमखास करतात आणि मग महिन्याभरात मासे का मलूल झाले ते कळत नाही.

माशांची निवड करताना एकच कसोटी लावावी असे मला वाटते: हा जीव समुद्रातून धरलेला आहे की संवर्धनगृहात जन्मलेला आहे? आग्नेय आशियात शोभिवंत मासे धरण्यासाठी खडकांवर सायनाइड फवारण्याची दुष्ट प्रथा दीर्घकाळ चालत आली, आणि असा मासा दिसावयास धडधाकट असला तरी आतून खलास झालेला असू शकतो. क्लाउनफिशच्या बाबतीत या पापात भागी होण्याची गरजच नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आणि अण्णामलै विद्यापीठाच्या परंगीपेट्टै येथील सागरी जीवशास्त्र केंद्राने त्यांचे प्रजनन आपल्या देशात यशस्वी केले आहे. आणि महाराष्ट्रातही ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात, राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्थेच्या साहाय्याने, सागरी शोभिवंत माशांचे संवर्धनगृह उभे राहिले आहे. या माशाचे चरित्रही विलक्षण आहे: जोडीतील मोठा मासा मादी असतो, ती गेली तर नराचेच मादीत रूपांतर होते; खडकावर चिकटविलेली अंडी नर पंखांनी वारा घालून राखतो आणि सातआठ दिवसांनी, अंधार पडल्यावर, ती फुटतात. संवर्धनगृहातल्या क्लाउनफिशला समुद्रफूल लागत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जगविण्यास कठीण असलेले ते समुद्रफूल केवळ चित्रातल्यासारखे दिसावे म्हणून आणणे हा हट्ट होय. २०० लिटरच्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी, एखादा गोबी, एखादा ब्लेनी, थोड्या कोळंब्या आणि गोगलगायी एवढा परिवार भरपूर झाला. निळा टँग मागू नये. त्याला पोहावयास यापेक्षा कितीतरी मोठे पात्र लागते. प्रत्येक नवा मासा चार ते सहा आठवडे निराळ्या टाकीत ठेवूनच मग आत सोडावा, कारण खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला की तो हुसकणे फार कठीण जाते.

त्या रोगावरचे जुने औषध म्हणजे तांबे, आणि तांब्यापाशी मला कुंडल-पलूस-तासगावच्या घरांसाठी एक इशारा पोटतिडकीने द्यावयाचा आहे. तांब्याची मात्रा लिटरमागे अर्ध्या मिलिग्रामपर्यंतही न पोहोचता माशावरचा परजीवी मारते, पण तीच मात्रा कोळंबी, खेकडा, गोगलगाय यांना प्राणघातक ठरते. आता आपल्या भागात बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद कोणत्या बागायतदाराच्या घरी नसते? मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेटच. छाटणीपासून पुढे द्राक्षबागेत फवारण्या चालू असतात, त्यांत कीटकनाशकेही असतात, आणि कीटक व कोळंबी ही एकाच संधिपाद कुळातली भावंडे असल्यामुळे एकाला मारणारे औषध दुसऱ्याला सोडीत नाही. फवारणीहून आलेला हात टाकीत गेला, औषधाच्या पिंपातली बादली पाणी भरावयास घेतली, किंवा फवारलेल्या बागेवरून आलेल्या वाऱ्यात हवेचा पंप चालू राहिला, तर संध्याकाळी दाणे टिपणाऱ्या कोळंब्या सकाळी उलथ्या पडलेल्या दिसतील आणि मासे मात्र ठणठणीत असतील. असे झाले म्हणजे तो रोग नव्हे, ते विष होय हे ओळखावे. मत्स्यालयाच्या बादल्या, नळ्या, पुसणी निराळ्या रंगाच्या आणि कुलपात असाव्यात. टाकीत हात घालणारा माणूसही शक्यतो बागेत न जाणारा असावा. घरातील आजीबाईंनी किंवा शाळकरी मुलीने हे काम अंगावर घेतलेले मला सर्वांत पसंत पडेल.

आरंभ केव्हा करावा, यालाही येथे महत्त्व आहे. दिवाळीनंतर, हवा निवळल्यावर टाकी मांडली, तर जिवाणूंची वस्ती थंडीत सावकाश बसते; त्यांच्यासाठी पाणी हीटरने २६ अंशांवर राखावे लागते, पण पौष-माघात पहिले मासे येतात आणि उन्हाळा येईतो टाकी तीनचार महिने मुरलेली असते. खर्चाची बाब प्रत्येकाच्या ऐपतीची. एवढेच म्हणतो की सर्वांत मोठा खर्च टाकीचा नसून वर्षानुवर्षांचे मीठ, वीज आणि परीक्षणाची द्रव्ये यांचा आहे, आणि ज्याला तो परवडत नाही त्याने टाकी लहान करून तो वाचविण्याच्या फंदात पडू नये, कारण लहान टाकीतले पाणी लवकर बिघडते. एका कुटुंबाऐवजी एखाद्या हायस्कुलाने हा भार उचलला, तर रसायन, जीवशास्त्र आणि पर्यावरण या तिन्ही विषयांचे शिक्षक एकाच टाकीभोवती उभे राहू शकतील, आणि क्षारता, सामू, नायट्रेट यांची साप्ताहिक नोंदवही मुलांच्या हातून चालेल. फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असताना पाणी कोण भरणार, हे आधी लिहून ठरविले पाहिजे.

आता सांडपाण्याबद्दल. दर पंधरवड्यास दहावा भाग, म्हणजे सुमारे २० लिटर पाणी, बदलावे लागते, आणि त्यात ७०० ग्रॅम मीठ असते. हे पाणी परसातल्या नारळाच्या किंवा केळीच्या आळ्यात ओतण्याचा मोह होईल. नारळ समुद्रकाठी वाढतो म्हणून त्याला ते चालेल असेही कोणी सांगेल. कोकणातली जांभी, निचऱ्याची जमीन निराळी आणि आपली चिकण काळी माती निराळी. येथे मीठ मुरते ते राहते, आणि ज्या शिवारातली एकरच्या एकर जमीन क्षारांनी आधीच वाया गेली आहे तेथे आपल्या हौसेने त्यात मूठभरही भर घालू नये. ते पाणी बंद गटारात, भरपूर साध्या पाण्याबरोबर, सोडावे. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा पाटात नव्हे. आणि छंद आटोपता घ्यावयाचा झाला तर मासे सहलीच्या निमित्ताने नेऊन मालवणच्या समुद्रात सोडू नयेत: परक्या पाण्यातला मासा आणि त्याच्याबरोबरचा रोग तेथल्या प्रवाळांवर लादण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्याच्याकडून ते घेतले त्या विक्रेत्याकडे, किंवा टाकी चालू असलेल्या दुसऱ्या छंदिष्टाकडे, ते नोंदींच्या वहीसकट सुपूर्द करावेत.